अध्यक्ष निवडायच्या दोन पद्धती: १७८७ ची आणि १८०४ ची

मूळ अमेरिकन राज्यघटनेत प्रत्येक निर्वाचक (राज्यांनी अध्यक्ष निवडायला नेमलेला प्रतिनिधी) दोन मतं द्यायचा, पण कोणतं मत कुठल्या पदासाठी हे लिहायची सोयच नव्हती. बहुमतासह पहिला तो अध्यक्ष, दुसरा उपाध्यक्ष. पक्ष नव्हते तोवर हे खपून गेलं. १७९६ मध्ये फेडरलिस्ट पक्षाचे जॉन ॲडम्स ७१, रिपब्लिकन (आजचा नव्हे, तेव्हाचा) पक्षाचे जेफर्सन ६८. म्हणजे प्रतिस्पर्धीच उपाध्यक्ष होऊन बसला. १८०० मध्ये रिपब्लिकन निर्वाचकांनी इमानेइतबारे दोन्ही मतं आपल्याच जोडीला, म्हणजे जेफर्सन आणि उपाध्यक्षपदाचे उमेदवार आरन बर यांना दिली, बर यांचं एक मत मुद्दाम गाळायचं राहिलं, आणि निकाल ७३-७३. फेडरलिस्टांनी ती काळजी घेतली होती: एक मत त्यांचे उपाध्यक्षपदाचे उमेदवार पिंकनी यांच्याऐवजी जॉन जे यांना, म्हणून ॲडम्स ६५, पिंकनी ६४. मग बरोबरीचा निर्णय प्रतिनिधीगृहाकडे, म्हणजे संसदेच्या कनिष्ठ सभागृहाकडे गेला. तिथे एका राज्याला एक मत, १६ पैकी ९ हवीत. जेफर्सन ८ वर अडकले; ३६ व्या फेरीत सुटले.

१८०४ च्या बाराव्या दुरुस्तीने दोन पदांसाठी दोन वेगळ्या मतपत्रिका केल्या. हा घोळ मिटला, बहुमताचा नाही. ते नसेल तर पुन्हा प्रतिनिधीगृहच, फक्त पहिल्या पाचांऐवजी तिघांतून. १८२४ मध्ये १३१ मतं हवी होती. जॅक्सन ९९ वर पहिले, तरी प्रतिनिधीगृहात ८४ वाले धाकटे ॲडम्स (जॉन ॲडम्स यांचे पुत्र) जिंकले. चौथे आलेले क्ले, जे त्याच गृहाचे सभापती होते, जुन्या नियमात शर्यतीत राहिले असते.