लॅपटॉप टीव्हीला जोडून चित्रपट पाहणे : भुसावळमधील तीन ऋतूंच्या वापरानंतरचा अनुभव

आमचा टीव्ही ४३ इंची आणि १९२० बाय १०८० पिक्सेलचा आहे. त्याचा पडदा अजून उत्तम असला तरी त्यातील अ‍ॅप्स अद्ययावत होणे केव्हाच थांबले आहे. केवळ त्यासाठी चांगला टीव्ही बदलणे पटत नसल्यामुळे गेल्या दिवाळीपासून आम्ही घरातील लॅपटॉप चित्र आणि आवाज दोन्ही नेणाऱ्या एचडीएमआय केबलने टीव्हीला जोडून चित्रपट पाहतो. हिवाळा, भुसावळचा उन्हाळा आणि पावसाळा या तिन्ही ऋतूंत ही व्यवस्था वापरून पाहिल्यावर माझे मत असे झाले आहे की, चित्राचा दर्जा केबलच्या किमतीवर फारसा अवलंबून नसतो. तो जोडणीनंतर केलेल्या सेटिंगवर आणि आपल्या भागात लॅपटॉप किती थंड राहतो यावर ठरतो.

केबलविषयी थोडक्यात सांगते. १०८० पिक्सेलच्या टीव्हीला कोणतीही धड बनावटीची एचडीएमआय केबल पुरते. संदेश डिजिटल असल्याने सोन्याचा मुलामा दिलेल्या महागड्या केबलने रंग खुलत नाहीत. ४के, म्हणजे याच्या चौपट पिक्सेलचा टीव्ही असेल तर मात्र एचडीएमआय १.४ जोडणीवर सेकंदाला ३० चौकटींची (फ्रेमची) मर्यादा येते आणि ६० चौकटींसाठी दोन्ही उपकरणांत एचडीएमआय २.० लागते. लॅपटॉपला फक्त यूएसबी-सी पोर्ट असेल, तर त्यातून चित्र बाहेर जाते की नाही हे आधी तपासावे, कारण काही पोर्ट केवळ चार्जिंग आणि माहितीच्या देवाणघेवाणीपुरतेच असतात.

खरे काम केबल लावल्यानंतर सुरू होते. विंडोज सुरुवातीला बहुधा दोन्ही पडद्यांवर एकच चित्र दाखवते, आणि लॅपटॉपचा पडदा १३६६ बाय ७६८ पिक्सेलचा असेल, तर टीव्हीलाही तेवढेच चित्र मिळते. विंडोज आणि पी ही बटणे एकत्र दाबून फक्त दुसरा पडदा चालू ठेवण्याचा पर्याय निवडला, की टीव्हीला त्याच्या पूर्ण क्षमतेचे चित्र जाते. हा एकच बदल केल्यावर उपशीर्षकांची अक्षरे लक्षात येण्याइतकी रेखीव झाली. चित्राच्या कडा कापल्या जात असतील, तर तो पिक्चर ट्यूबच्या काळापासून चालत आलेल्या ओव्हरस्कॅनचा, म्हणजे चित्र पडद्यापेक्षा थोडे मोठे करून दाखवण्याच्या सवयीचा, परिणाम असतो. टीव्हीच्या पिक्चर मेनूत जस्ट स्कॅन, स्क्रीन फिट किंवा तत्सम नावाचा पर्याय असतो, तो निवडावा. काळा रंग राखाडी वाटत असेल, तर लॅपटॉप १६ ते २३५ या मर्यादित पट्ट्यात रंग पाठवत आहे आणि टीव्ही ० ते २५५ हा पूर्ण पट्टा गृहीत धरत आहे, असे समजावे. ग्राफिक्सच्या सेटिंगमध्ये आणि टीव्हीत एकच पट्टा ठेवला की रात्रीच्या प्रसंगांतील तपशील नीट दिसतो.

मला सर्वांत मोलाचा वाटलेला बदल गतीचा आहे. चित्रपट सामान्यतः सेकंदाला २४ चौकटींचे असतात, तर लॅपटॉप टीव्हीला ६० वेळा चित्र पाठवतो. २४ ने ६० ला पूर्ण भाग जात नसल्यामुळे एक चौकट तीन वेळा आणि पुढची दोन वेळा दाखवावी लागते, आणि कॅमेरा आडवा फिरताना चित्र बारीक हिसके देते. आमच्या टीव्हीला २४ हर्ट्झचा पर्याय चालतो. चित्रपटापुरता तो निवडला की ही अडचण नाहीशी होते. टीव्हीतील गती गुळगुळीत करणारी सोयही मी बंद ठेवली आहे, कारण तिच्यामुळे चित्रपट दैनंदिन मालिकेसारखा दिसू लागतो. जुने कृष्णधवल चित्रपट जवळजवळ चौकोनी आकाराचे असतात. त्यांच्या दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या राहू द्याव्यात. चित्र ताणून पडदा भरला की माणसे बुटकी आणि रुंद दिसतात, आणि तो त्या छायाचित्रणावर अन्याय आहे.

आवाजाचा प्रश्न खानदेशात वेगळ्या रूपाने येतो. एप्रिल-मेमध्ये कूलरशिवाय खोलीत बसता येत नाही आणि त्याच्या घरघरीत संवाद बुडतात. त्यात चित्रपटाचा अनेक स्पीकरसाठी बनवलेला आवाज टीव्हीच्या दोन स्पीकरवर उतरताना संवाद आणखी दबतात. लॅपटॉपचा आवाज पूर्ण ठेवून रिमोटने टीव्हीचा आवाज नियंत्रित करणे आणि टीव्हीत संवाद ठळक करणारा पर्याय लावणे याने बराच फरक पडला.

उन्हाळ्यातील दुसरी बाब अधिक गंभीर आहे. पुष्कळ लॅपटॉप साधारण ३५ अंश सेल्सिअसपर्यंतच्या हवेत चालवण्यासाठी बनवलेले असतात, आणि भुसावळ-जळगावात मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो. तापलेला प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करतो आणि चित्र अडखळू लागते. अशा वेळी दोष इंटरनेटला दिला जातो. आमच्या आठव्या पिढीच्या इंटेल प्रोसेसरमध्ये व्हीपी९ या पद्धतीने दाबून पाठवलेले चित्र उलगडणारे स्वतंत्र हार्डवेअर आहे, परंतु एव्ही१ या नव्या पद्धतीसाठी ते नाही. यूट्यूबवरून एव्ही१ आले की सर्व भार मुख्य प्रोसेसरवर पडतो आणि पंखा ओरडू लागतो. विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये चित्र उलगडण्याचा (व्हिडिओ डिकोड) आलेख शांत आणि प्रोसेसरचा आलेख उंच दिसला, तर कारण हेच असते. लॅपटॉप गादीवर न ठेवता उंचवट्यावर ठेवावा, झाकण उघडे ठेवावे, आणि फाल्गुन-चैत्राच्या धुळीनंतर पंखा साफ करून घ्यावा. कूलरची ओलसर हवा थेट त्यावर येऊ देऊ नये.

इंटरनेटची गरज मात्र लोक समजतात तितकी मोठी नाही. नेटफ्लिक्स १०८० पिक्सेलसाठी ५ एमबीपीएस आणि ४के साठी १५ एमबीपीएस वेग सुचवते. ४के साठी केवळ वेग पुरत नाही. लॅपटॉप आणि टीव्ही या दोन्हींना एचडीसीपी २.२ हे नक्कल रोखणारे संरक्षण मान्य असावे लागते, आणि प्रत्येक ब्राउझरला मिळणारा कमाल दर्जाही वेगळा असतो. जुन्या व्हीजीए जोडणीत हे संरक्षण नाही आणि आवाजही नाही, त्यामुळे सशुल्क चित्रपटांसाठी ती उपयोगाची नाही. मिराकास्टने बिनतारी जोडणीही होते, पण शेजारच्या घरांच्या वायफायच्या गर्दीत चित्र तुटत असल्याने आम्ही ती सोडून दिली.

पावसाळ्याविषयी एक आग्रहाची सूचना आहे. जुन्या घरांत अर्थिंग कमकुवत असते आणि टीव्हीला छतावरच्या डिश छत्रीची तारही जोडलेली असते. केबल लावताना धातूच्या भागाला हात लागून झिणझिण्या आल्या, तर आधी वीजतंत्रज्ञाला बोलवावे. केबल लावताना वा काढताना दोन्ही उपकरणे भिंतीवरील बटणापासून बंद ठेवावीत, आणि विजा चमकू लागण्यापूर्वीच छत्रीची तार काढून ठेवावी.

ज्यांना लॅपटॉप विकत घेण्यापासून सुरुवात करायची आहे, त्यांनी हा मार्ग धरू नये. त्यांच्यासाठी टीव्हीच्या एचडीएमआय पोर्टला लावायची, अ‍ॅप्स चालवणारी छोटी स्ट्रीमिंग स्टिक स्वस्त आणि सोपी आहे. ज्यांच्याकडे लॅपटॉप आहे आणि ज्यांना अ‍ॅपमध्ये न मिळणारे चित्रपट संकेतस्थळांवरून किंवा स्वतःच्या हार्ड डिस्कवरून पाहायचे आहेत, त्यांना मी ही जोडणी निःसंकोच सुचवीन. आमच्याकडे सासूबाईंना दुपारी अहिराणी विनोदी चित्रफिती पाहायच्या असतात आणि त्या वेळी लॅपटॉप माझ्यासोबत कामावर असतो, म्हणून टीव्हीच्या दुसऱ्या एचडीएमआय पोर्टला एक साधी स्टिक लावून ठेवली आहे. सासूबाई ती रिमोटने स्वतः चालवतात.