टेली-मानस १४४१६: मूल स्वतःला इजा करत असेल तर

१० ऑक्टोबर २०२२ ला केंद्र सरकारने सुरू केलेली ही मानसिक आरोग्याची फोन-सेवा चोवीस तास, मोफत आणि मराठीतही मिळते. नाशिकमध्ये रात्री मुलीच्या हातावर जखमा दिसल्या आणि कुणाला विचारावं कळेना, तर पहिला फोन इथे करा. आडवळणाने बोलू नका. हे कधीपासून चाललंय, गेल्या वर्षात किती दिवस घडलं, त्याआधी काय होतं, मरायची इच्छा असते का, हे सरळ सांगा.

स्वतःला इजा करणाऱ्या मुलांना अनेकदा मरायचं नसतंच. असह्य भावना किंवा बधिरपणा घटकाभर कमी होतो, म्हणून ते पुन्हा घडतं. तरीही पुढे आत्महत्येचा धोका वाढतो, म्हणून मरणाच्या विचारांबद्दल मुलीला दर वेळी नव्याने विचारा. विचारल्याने ते डोक्यात शिरत नाहीत. आईची शपथ घातली, ‘नाटकं’ म्हटलं, की लपवाछपवी वाढते.

फोनवर जखम शिवता येत नाही. खोल असेल तर त्र्यंबक रोडचं सिव्हिल किंवा १०८. जीवाला धोका वाटला तर एकटं सोडू नका. आणि एका कॉलवर समाधान मानू नका: भावना सांभाळायला शिकवणारी डीबीटी (डायलेक्टिकल बिहेविअर थेरपी) महिनोन्‌महिने चालते. समुपदेशक निवडताना या थेरपीचं प्रशिक्षण घेतलंय का, हे स्पष्ट विचारा.