उत्तर सिक्कीमची जीप-सहल: गाडी, दाजू आणि काळी पिशवी

पॅकेज गंगटोकहून सुरू होणारं, लाचेन गाव आणि गुरुडोंगमार तलावाचं. गाडी इनोव्हा, टायर नवे, सीट ठीकठाक. ड्रायव्हरला आम्ही सगळे तिकडच्यासारखं दाजू, म्हणजे नेपाळीत दादा, म्हणायला लागलो. वळणावर कधी घाई केली नाही. गाणी मात्र सगळी त्याच्याच आवडीची!

निघायच्या आधी त्याने पुढच्या सीटच्या पाठीला एक मोठी काळी पिशवी अडकवली. २०२४ पासून सिक्कीममध्ये पर्यटकांच्या गाडीत कचऱ्याची पिशवी सक्तीची आहे. मग आमचा पाण्याच्या बाटल्यांचा बॉक्स उतरवून हॉटेलातच ठेवायला लावला. हा बॉक्स आमच्या सांगलीच्या टूरवाल्याने कौतुकाने दिलेला. लाचेनमध्ये २०१२ पासून आणि अख्ख्या राज्यात २०२२ पासून बाटलीबंद पाण्यावर बंदी आहे. सिक्कीमच्या सहली विकणाऱ्याला एवढं ठाऊक नसावं? एक तारा त्याचा कापला.

मंगनच्या पुढे सासूबाईंनी भाकरवडीचं रिकामं पाकीट सवयीने काचेबाहेर धरलं. दाजूने गाडी बाजूला घेतली, मागे वळून पिशवीचं तोंड उघडून धरलं आणि हसला. बोलला काही नाही. तिथून पुढे सासूबाईच पहारेकरी. "जावईबापू, गोळीचा कागद कुठे गेला?" हे मी गुरुडोंगमारपर्यंत ऐकलं. १७,८०० फुटांवर श्वास लागत होता, तरी चौकशी चालूच.

लाचेनच्या होमस्टेत जेवणाबरोबर थर्मासमधून गरम पाणी. बाटलीबंदी गावाच्या पंचायतीने, म्हणजे तिथल्या जुम्साने, स्वतः होऊन केलेली आहे हे मालकीणबाईंनी सांगितलं, आणि "पैसे देतोय, बिसलरी का नाही?" म्हणणारे आमचे मित्र गप्प बसले. सरकारी नियमाशी हुज्जत घालता येते, ज्यांच्या चुलीपाशी बसून जेवतोय त्यांच्याशी कशी घालणार?

सगळंच गोड नाही. बंदी पाण्याच्या बाटलीला; कोल्ड्रिंकच्या बाटल्या आणि कुरकुरे वाटेतल्या थांगू गावच्या टपरीवर टांगलेले. तिथला डबा उतू चालला होता, आणि आमच्याच मंडळींनी मॅगीचे कागदी वाडगे बिनदिक्कत त्याच्या बाजूला ठेवले. परतीला रंगपोचं नाकं ओलांडून पश्चिम बंगालात शिरलो आणि केळ्याचं साल, मग वेफर्सचं पाकीट, भराभर तिस्तेच्या दिशेने गेलं. माणसं तीच, गाडी दुसरी, तिच्यात पिशवी नव्हती. सासूबाई झोपल्या होत्या.

पाचपैकी चार. जाणाऱ्यांनी स्टीलच्या बाटल्या न्याव्यात. पहाटे चारला निघायचं असतं, त्यामुळे रात्रीच भरून ठेवा. आणि वयस्कर माणसं बरोबर असतील तर वाटेतल्या शौचालयांची चौकशी दाजूकडे आधीच करा. थांगूचं आम्हाला नको म्हणण्याइतकं वाईट मिळालं.