जुन्या काचेच्या बाटल्या उजेडात पाहू देणारे साताऱ्याचे दुकान

साताऱ्यात मोती चौकाजवळच्या एका बोळात जुन्या वस्तूंचे लहानसे दुकान आहे. समया, घड्याळे, ओगलेवाडीच्या प्रभाकर कंदिलांच्या काचा असे बरेच काही तिथे मांडलेले असते, पण मी तिथे वारंवार जातो तो मागच्या फडताळातल्या बाटल्यांसाठी.

मालक बाटली हातात देतात, दारातल्या उन्हात नेऊ देतात आणि घाई करत नाहीत. हाताने फुंकलेली काच पारखणाऱ्याला याहून अधिक काय हवे? मागील महिन्यात घेतलेल्या फिकट हिरव्या औषधाच्या बाटलीच्या बुडाला बोटाला खरखरीत लागणारा गोल वण आहे. फुंकून झालेली बाटली गळा घडवेपर्यंत धरता यावी म्हणून कारागीर बुडाला लोखंडी सळई चिकटवत, आणि ती तोडून काढली की हा वण मागे राही. काचेत लांबट बुडबुडे आहेत, एक बाजू दुसरीपेक्षा जाड आहे आणि साच्याचे दोन भाग जिथे जुळतात तिथे काचेवर उमटणारी सांध्याची रेघ कुठेच नाही. तिच्याशेजारच्या बाटलीवर मात्र ही रेघ थेट ओठावरून गेली होती. म्हणजे ती १९०३ च्या सुमारास आलेल्या, ओठासकट पूर्ण बाटली घडवणाऱ्या अमेरिकन संशोधक मायकेल ओवेन्स यांच्या स्वयंचलित यंत्रानंतरची. मालकांनी हे न विचारताच सांगितले आणि किंमतही तशीच कमी लावली होती. हा प्रामाणिकपणा मला फार मोलाचा वाटतो, कारण दुसऱ्या एका शहरात मला तेलाचा हात फिरवलेली बाटली विकली गेली होती. घरी साबणाने धुताच वर्षानुवर्षे ओलीत राहून काचेला आलेला पांढुरका धुरकटपणा उघडा पडला.

दोन तक्रारी मात्र आहेत. किमतीच्या चिठ्ठ्या चिकट गोंदाने थेट जुन्या कागदी लेबलावर लावतात, त्या काढताना लेबल फाटते. शिवाय गोटी सोड्याच्या सगळ्याच बाटल्यांवर ‘शंभर वर्षांपूर्वीची’ असे लिहिले आहे. हायरम कॉड यांनी १८७२ मध्ये पेटंट घेतलेली ही बाटली आपल्याकडे पुढे कित्येक दशके वापरात राहिली, त्यामुळे केवळ गोटी पाहून वय ठरवता येत नाही. मी हे बोलून दाखवल्यावर मालकांनी एक बाटली उचलली, ओठाजवळची रेघ माझ्यासोबत पाहिली आणि तिच्यावरची चिठ्ठी तिथेच काढून टाकली.