दापोलीकडची कांदळवन (खारफुटीचं जंगल) फेरी: गाईड मस्त, बाकी ३/५

आधी चांगलं सांगते. होडी स्वच्छ, लाईफ जॅकेट सगळ्यांना, आणि गाईड पोरगा खरंच तयारीचा. तिवर आणि चिप्पी ही खारफुटीचीच झाडं, त्यातल्या तिवराच्या पानाखालचं मीठ चाटून बघायला लावलं, चिप्पीची वर आलेली टोकदार मुळं दाखवली, ती श्वास घेण्यासाठी असतात म्हणे, आणि पांढरी चिप्पी २०२० पासून राज्याचा कांदळवन वृक्ष आहे हेही त्याच्याकडूनच कळलं. इथपर्यंत पाच स्टार.

मग किनाऱ्यावर कचरा उचलायचा कार्यक्रम, आणि तिथे आयोजकांचं भाषण की "स्थानिक समाजात पर्यावरणाची जागृती नाही". अहो, होडी चालवणारा आमच्या मोहल्ल्यातला, समोर चिखलात कातकरी बाया कालवं काढतायत, त्यांचं अर्धं पोट या खाडीवर, आणि जागृती नाही? माझी खाला, म्हणजे मावशी, बरोबर होती, तिचं आयुष्य मच्छी सुकवण्यात गेलं, ती म्हणाली, "या बाटल्या भरतीबरोबर बाजाराकडून येतात, तिथे जाऊन भाषण कर की रे." लोक हसले, आयोजक नाही हसले.

मी नंतर विचारलं की गावातली माणसं का नाहीत, तर "आम्ही बोलावतो, ते येत नाहीत" हे ठरलेलं उत्तर. बोलावतात कसं तर ऑनलाईन फॉर्म, तो इंग्रजीत, वर ओळखपत्राचा फोटो. गाईडचं ट्रेनिंग ठेवलं शुक्रवारी दुपारी एकला, ऐन जुम्म्याच्या नमाजाच्या वेळी, म्हणजे मोहल्ल्यातला एकही पोरगा येणार नाही हे कॅलेंडर न बघताही कळतं. कातकरी बायकांचं तर वेगळंच, अर्धा दिवस इथे घालवला तर त्या दिवसाची मजुरी गेली, आणि खाकी दिसली की त्या आपल्या टोपल्या उचलून लांब जातात, लाकूडफाट्यावरून कितीदा हटकलंय त्यांना! त्यांना चिंबोरीचं बीळ कुठलं जिवंत आणि कुठलं रिकामं हे नुसतं बघून कळतं, पण त्यांना गाईड करायचं कोणाच्या डोक्यात आलेलं नाही, पर्यटक फक्त त्यांचे फोटो काढतात, न विचारता.

होऊ शकत नाही असं नाहीये. वेंगुर्ल्याला मांडवी खाडीत स्वामिनी बचत गटाच्या बायका २०१७ पासून स्वतः होडी वल्हवून कांदळवन दाखवतात, पैसे त्यांच्याच हातात, मग खाडी सांभाळा म्हणून वेगळं सांगायला लागतं का कोणाला?

जेवण ठीक, सोलकढी पातळ. बायकांना कपडे बदलायला आडोसा नाही, हे मात्र लगेच करा, आमच्याकडच्या दोन पोरी यासाठीच घरी राहिल्या.

जाणार असाल तर अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासची तारीख मागा. आम्ही गेलो तेव्हा भांग होती, म्हणजे अष्टमीच्या आसपासची कमी भरती-ओहोटी, पाणी नीट ओसरलंच नाही, अर्धी मुळं पाण्याखाली. खालाने निघतानाच सांगितलं होतं. आणि बूट नको, चिखलात राहतात.