टाकलेला सोफा उचलावा, की स्वस्तातला नवा घ्यावा?

घरात बसायला काही नाही, हात आखडलेला आहे आणि कचऱ्याच्या पेटीशेजारी कुणीतरी तीन माणसांचा सोफा ठेवून गेलंय. दुसरीकडे मोबाइलवर हप्त्यांत मिळणारा नवा सोफा खुणावतोय. फुकट ते पौष्टिक म्हणून धावू नका आणि नवं ते चांगलं असंही धरून चालू नका.

आधी सांगाडा बघा, कारण बाकी सगळं बदलता येतं. स्वस्तातल्या नव्या सोफ्यात बहुतेकदा पार्टिकल बोर्ड (लाकडाचा भुसा चिकटवून दाबलेला बोर्ड) किंवा पातळ प्लाय असतो, तोही स्टेपलच्या पिनांनी जोडलेला. या बोर्डातला स्क्रू एकदा सैल झाला की पुन्हा धरत नाही, आणि पाणी लागलं की बोर्ड फुगतो. दुकानात यातलं काहीच दिसत नाही. विक्रेता कापडाचे रंग दाखवतो, सोफ्याचं पोट मात्र शिवलेलं असतं.

टाकलेला सोफा इथेच बाजी मारतो, कारण तो फाटलेला असतो. खालचं काळं अस्तर लोंबत असेल तर आत टॉर्च मारा. लाकूड भरीव आहे का? कोपऱ्यांत आधाराचे ठोकळे स्क्रूने आवळलेत का? मग पुढचा एक पाय वीतभर उचला. पुढचा दुसरा पायही लगेच उठला तर सांगाडा ताठ आहे. तो जमिनीलाच चिकटून राहिला तर सांगाडा पिळला जातोय, पुढे बघायची गरज नाही.

खरं तर नवाच घ्यायचं पक्कं असेल तरी आधी असे दोन-चार बेवारस सोफे न्याहाळा. सोफा कुठे मोडतो, कुठे खचतो, हे इतकं उघडपणे दुसरं कुणी दाखवत नाही. आणि नमुन्यांना तोटा नाही. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेच्या आकडेवारीनुसार तिथे २०१८ साली सुमारे १ कोटी २१ लाख टन फर्निचर आणि घरसजावटीचं सामान कचऱ्यात गेलं. त्यातलं ८० टक्के थेट जमिनीत पुरलं गेलं. पुनर्वापरासाठी वेगळं निघालं ते अर्धा टक्कासुद्धा नाही.

फोममध्ये मात्र नवा सरळ जिंकतो. टाकलेल्या सोफ्याचा फोम गेला असंच समजा: खचलेला, दमट, वास धरलेला. जुन्या फोममध्ये आग लवकर पसरू नये म्हणून घातलेली ब्रोमीनयुक्त रसायनंही असू शकतात. त्यातल्या काहींवर २००९ साली स्टॉकहोम कराराखाली, म्हणजे घातक रसायनांवरच्या आंतरराष्ट्रीय कराराखाली, बंदी आली. इंग्लंडमध्ये २०२३ पासून अशी रसायनं असलेले सोफे पुरायची परवानगी नाही, ते जाळूनच नष्ट करावे लागतात. नवा घेताना फोमची डेन्सिटी, म्हणजे घनता, विचारा. बैठकीला घनमीटरमागे ३२ किलो किंवा त्याहून जास्त असेल तर बरं. विक्रेता नुसतं 'मऊ आहे, बसून बघा' म्हणत राहिला तर समजून जा.

आता खरी भीती, ढेकूण. पूर्ण वाढलेला ढेकूण जेमतेम ४-५ मिलिमीटरचा, आणि रक्त न मिळताही कित्येक महिने तगतो. त्यामुळे 'बाहेर पडून बरेच दिवस झालेत, मेले असतील' हा हिशेब चुकीचा आहे. कुशनच्या शिवणीची गोट नखाने उलटा. शाईचे ठिपके पडल्यासारखे काळे डाग, फिकट कात किंवा पांढरी बारीक अंडी दिसली तर हात झटका आणि निघा. काही दिसलं नाही तरी पूर्ण कापडात मढवलेला सोफा आहे तसा घरात नेऊ नका. कापड आणि फोम बाहेरच काढून टाका आणि सांगाड्याच्या फटीही तपासा.

म्हणजे फुकटचा सोफा फुकट राहत नाही. टेम्पो, नवा फोम, कापड, कारागिराची मजुरी, सगळं धरलं तर कधीकधी स्वस्तातल्या नव्या सोफ्याच्या किमतीच्या घरात खर्च जातो. फरक इतकाच की हातात भरीव लाकडाची वस्तू उरते.

माझा कौल असा. उघडे लाकडी हात आणि सुटी कुशनं असलेला सोफा दिसला, वर सांगितलेल्या परीक्षेत उतरला, तर बिनधास्त उचला. कुशनं तिथेच सोडा. पूर्ण मढवलेला असेल तर ओळखीतला कारागीर असल्याशिवाय नको. रिक्लायनर किंवा सोफा-कम-बेड तर मुळीच नको. त्याची यंत्रणा बिघडली म्हणूनच तो बहुधा बाहेर आलेला असतो. आणि दोन्हींतलं काहीच पटत नसेल तर कुणाच्या तरी घरात अजून वापरात असलेला जुना सोफा विकत घ्या. त्यावर बसून बघता येतं आणि का काढताय हे मालकाला विचारता येतं. कोणताही घ्या, दाराची रुंदी आधी मोजा.

सोफा टाकणारे तुम्हीच असाल आणि त्यात ढेकूण झाले असतील, तर बैठक सुरीने फाडून मोठ्या अक्षरांत 'ढेकूण' लिहून ठेवा. चांगला असेल तर पावसात ठेवू नका.