ओएलईडी की मिनी-एलईडी: दोन टीव्हींची अदलाबदल

माझ्या घरी ५५ इंची दोन टीव्ही आहेत. मोठ्या खिडक्यांच्या बैठकीच्या खोलीत मिनी-एलईडी आहे आणि आतल्या काहीशा अंधाऱ्या खोलीत ओएलईडी. सुरुवातीला त्यांच्या जागा नेमक्या उलट होत्या. त्या का बदलाव्या लागल्या, हे सांगितले की दोन्ही तंत्रांचे परीक्षण बरेचसे होऊन जाते.

आधी नावांचा घोळ दूर करणे आवश्यक आहे. ‘एलईडी टीव्ही’ म्हणून विकला जाणारा संच मुळात एलसीडीच असतो. त्यातील द्रवस्फटिकांचा थर स्वतः उजळत नाही, तो मागच्या एलईडी दिव्यांचा प्रकाश कमी-अधिक प्रमाणात अडवतो. क्यूएलईडीमध्ये याच रचनेत क्वांटम डॉट्सचा थर घातलेला असतो आणि तो निळ्या प्रकाशाचा काही भाग शुद्ध लाल व हिरव्या प्रकाशात बदलतो. या सूक्ष्म कणांच्या शोधाला २०२३ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले, तेव्हा हा शब्द निव्वळ जाहिरातीचा नव्हे. मात्र त्या थराने रंग सुधारतात, काळा रंग अधिक काळा होत नाही, आणि नावातील साम्यामुळे अनेक ग्राहक क्यूएलईडीला ओएलईडीचे भावंड समजतात.

ओएलईडीत प्रत्येक पिक्सेल स्वतः प्रकाशतो आणि स्वतः पूर्ण विझतो. फोर-के पडद्यावर असे सुमारे ८३ लाख पिक्सेल असतात. मिनी-एलईडी हाही एलसीडीच, फक्त त्याच्या मागील बारीक दिव्यांचे एकत्र उजळणारे-मंदावणारे काही शे ते काही हजार विभाग पाडलेले असतात. १,००० विभाग धरले, तरी एका विभागाच्या वाट्याला ८,३०० च्या आसपास पिक्सेल येतात. त्यामुळे रात्रीच्या दृश्यात चंद्र उगवला की त्याच्याभोवती धुरकट वलय दिसते. ओएलईडीवर चंद्राच्या कडेला लागूनच गडद काळोख सुरू होतो, आणि हा फरक एकदा डोळ्यांत भरला की विसरता येत नाही.

असे असूनही बैठकीच्या खोलीत ओएलईडीने माझी निराशा केली. दुपारी गडद दृश्यांत पात्रांऐवजी खिडकीच दिसू लागली. शिवाय बर्फावरच्या खेळांसारखे बहुतांश पांढरे दृश्य आले की वीजवापर आणि उष्णता मर्यादेत ठेवण्यासाठी हा पडदा स्वतःहून मंद होतो. २०२२ पासून बाजारात असलेल्या, क्वांटम डॉट्स वापरणाऱ्या क्यूडी-ओएलईडी प्रकाराचे रंग अधिक तेजस्वी आहेत, पण खोलीत उजेड असला की त्याचा काळा रंग किंचित जांभळट-राखाडी वाटतो. मिनी-एलईडी त्याच उजेडात पूर्ण पडदा भरून प्रखर राहतो.

दुसरे कारण घरच्या सवयींचे. वडिलांसमोर वृत्तवाहिनी तासन्‌तास सुरू असते. तिचे बोधचिन्ह आणि खालची पट्टी हलत नाही. ओएलईडीतील सेंद्रिय द्रव्ये वापरानुसार झिजतात आणि एकाच जागी सतत उजळणारा भाग इतरांपेक्षा लवकर झिजून तेथे कायमचा ठसा उमटू शकतो. हा धोका टाळण्यासाठी संच बंद केल्यावर स्टँडबायमध्ये पडद्याची दुरुस्ती-प्रक्रिया चालते. ज्यांना दर वेळी भिंतीवरचे बटण बंद करण्याची शिस्त आहे, ते नकळत ती रोखतात. चित्रपट, मालिका आणि खेळ आलटून-पालटून पाहणाऱ्याने मात्र या भीतीपायी ओएलईडी नाकारू नये.

साधा एलसीडी घेणार असाल, तर पॅनलचा प्रकार विचारा. व्हीए आणि आयपीएस हे त्याचे दोन प्रमुख प्रकार. व्हीए पॅनलचा कॉन्ट्रास्ट, म्हणजे पांढऱ्या व काळ्या रंगाच्या तेजाचे गुणोत्तर, साधारण ३,०००:१ किंवा त्याहून अधिक असतो, आयपीएसचा १,०००:१ च्या आसपास. पण बाजूला बसणाऱ्याला व्हीएवरील रंग फिके दिसतात. एट-केचा, म्हणजे फोर-केच्या चौपट पिक्सेल असलेल्या पडद्याचा, विचार सध्या सोडून द्यावा. खोक्यावर ‘एचडीआर’ (अधिक प्रखर उजेड आणि गडद काळोख एकाच दृश्यात दाखवणारे चित्र) लिहिलेले असल्याने एवढेच कळते की संच तो सिग्नल स्वीकारतो. तो दाखवण्याइतके तेज त्यात असेलच असे नाही.

दुकानातील संच बहुधा ‘व्हिव्हिड’ मोडवर, लखलखीत दिव्यांखाली मांडलेले असतात, आणि अशा प्रकाशात ओएलईडीचे मुख्य बलस्थान दिसतच नाही. म्हणून विक्रेत्याला ‘सिनेमा’ मोड लावायला सांगावे आणि काळोखातील एखादे ओळखीचे दृश्य पेन ड्राइव्हवर सोबत न्यावे.

अदलाबदलीनंतर माझी एकच तक्रार उरली आहे. रात्री दिवे मालवून मिनी-एलईडीवर चित्रपट लावला, की पांढऱ्या उपशीर्षकांभोवती प्रकाश सांडतो. उपशीर्षकांचा रंग राखाडी केल्यावर तो बराच कमी झाला, तरी असे चित्रपट आता आम्ही आतल्या खोलीतच पाहतो.